गाणाऱ्या गावातला अर्धवेळ शिक्षक

देहूत गाणारा माणूस शोधावा लागत नाही. पहाटे काकडा, संध्याकाळी हरिपाठ, एकादशीला मंदिरात उभे राहायला जागा नाही, तुकाराम बीजेच्या दिवसांत जागोजागी सप्ताहाचे मंडप. ज्येष्ठ वद्य सप्तमीला पालखी निघते तेव्हा तर शेजारच्या गावांतून आलेल्या दिंड्यांनी इंद्रायणीचा काठ भरून जातो. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली हा सोहळा सुरू केला. म्हणजे एकत्र उभे राहून गाण्याची इथली रीत सव्वातीनशे वर्षांहून जुनी आहे, आणि तुकोबांचे चौदा टाळकरी धरले तर त्याहूनही जुनी. त्या टाळकऱ्यांत चाकणचे संताजी जगनाडे होते, कडूसचे गंगाराम मवाळ होते. आज ज्या पट्ट्याला आपण कारखान्यांचा पट्टा म्हणतो, तो त्या काळी टाळकऱ्यांचा पट्टा होता.

अशा मुलखात शाळेतल्या संगीत शिक्षकाचे बरे चालले असेल, असे कोणालाही वाटेल. तसे ते चाललेले नाही. बहुतेक मराठी शाळांत हे पदच नाही. जिथे गाण्याचे सर किंवा बाई आहेत तिथे त्या तासिकेवर आहेत, दोन-तीन शाळा फिरून पोट भरणाऱ्या आहेत, किंवा मुळात दुसऱ्याच विषयाच्या शिक्षक असून पेटी वाजवता येते म्हणून गाण्याला जुंपलेल्या आहेत. याचे कारण विचारले की ठरलेले उत्तर मिळते: समाजाला कलेची कदर नाही. देहूच्या बाबतीत हे उत्तर उघडच चुकीचे आहे. इथे कदर ओसंडून वाहते. माझे म्हणणे असे की, इथल्या संगीत शिक्षकाच्या वाट्याला आलेली उपेक्षा गाण्याच्या दुष्काळातून आलेली नसून सुकाळातून आलेली आहे. जे देवळात फुकट आणि भरपूर मिळते त्यासाठी शाळेने पगार का मोजावा, असा हा सरळ हिशेब आहे. तो चुकीचा का आहे आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे नीट मांडल्याखेरीज या शिक्षकाचा प्रश्न सुटणार नाही.

आधी त्याचा आठवडा पाहू. वेळापत्रकात एका वर्गाला आठवड्यातून एक तास, पस्तीस मिनिटांचा. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी वर्षाला २२० दिवस ठरवून दिले आहेत. सहा दिवसांचा आठवडा धरला तर हे छत्तीस आठवडे होतात. एकही तास बुडाला नाही असे मानले, तरी वर्षभरात एका वर्गाला घड्याळी एकवीस तास संगीत मिळते. वर्गात पंचेचाळीस मुले असतील तर एका मुलाच्या वाट्याला शिक्षकाचे वर्षाकाठी अठ्ठावीस मिनिटे लक्ष येते. पालखीबरोबर दोन दिवस चालणारे पोर याहून जास्त गाते.

आणि तास बुडतातच. गणिताचा अभ्यासक्रम मागे पडला की पहिला हात संगीताच्या तासावर पडतो. कोणी शिक्षक निवडणुकीच्या कामाला गेले की मुख्याध्यापक म्हणतात, “सर, पाचवी ब मोकळी आहे, जरा जाता का?” सर जातात. पेटी दुसऱ्या मजल्यावरच्या कपाटात असते, किल्ली शिपायाकडे असते, शेजारच्या वर्गात इंग्रजीची चाचणी चालू असते, तेव्हा आवाज करायचा नाही अशी तंबी असते. आवाज न करता संगीत कसे शिकवायचे हा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण त्या तासाकडून शिकवण्याची अपेक्षाच नसते. मुले गप्प बसवून ठेवली की काम झाले.

हाच शिक्षक डिसेंबरमध्ये एकाएकी शाळेतला सर्वांत महत्त्वाचा माणूस होतो. स्नेहसंमेलन जवळ आलेले असते. ईशस्तवन, स्वागतगीत, समूहगीत, लावणी की कोळीगीत यावरचे वाद, ट्रॅक मिळवणे, माईकवाल्याशी हुज्जत, हे सगळे त्याच्या गळ्यात येते. मग पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, शिक्षक दिन, तालुक्याची समूहगीत स्पर्धा, साहेबांची भेट. पाहुणे आले की पाच मुली निळ्या काठाच्या साड्या नेसून स्वागतगीत म्हणतात. त्या पाच मुली दरवर्षी त्याच असतात. गोड गळ्याच्या पाचदहा मुलांना घेऊन वर्षभर कार्यक्रम बसवायचे आणि उरलेल्या नऊशे मुलांना टाळ्या वाजवायला बसवायचे, याला आपण शालेय संगीत म्हणतो. गणिताच्या शिक्षकाने वर्गातली पाच हुशार मुले निवडून फक्त त्यांनाच बेरीज शिकवली असती, तर पालकांनी शाळेला कुलूप लावले असते.

शासनाचे वागणेही याच वळणावर गेले आहे. २०२३ साली ‘जय जय महाराष्ट्र माझा’ला राज्यगीताचा दर्जा मिळाला. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल, शाहीर साबळे यांचा आवाज. ते शाळाशाळांत वाजावे अशी अपेक्षा आली आणि ती रास्तच आहे. पण खळ्यांची चाल मुलांच्या गळ्यात बसवणार कोण? शाहिरांच्या पहाडी आवाजाची पट्टी मुलांना झेपत नाही, ती बदलून द्यावी लागते, श्वास कुठे घ्यायचा ते दाखवावे लागते. त्यासाठी माणूस लागतो. माणूस नसल्यामुळे ध्वनिवर्धकावर ध्वनिमुद्रण लागते, मुले सावधान उभी राहून ऐकतात आणि गाणे ‘झाले’ अशी नोंद होते. गाण्याची सक्ती आणि गाणे शिकवणाऱ्याची अनुपस्थिती यांचा असा निवांत संसार आपल्याकडे चालू आहे.

हे असे का झाले याचे एक उत्तर कायद्यातच आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीत शंभरांहून अधिक मुले असलेल्या शाळेसाठी कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांकरिता अंशकालीन निदेशक सांगितले आहेत. अंशकालीन, म्हणजे अर्धवेळ. भाषा, गणित, विज्ञान यांना शिक्षक आणि कलेला निदेशक, ही उतरंड २००९ सालच्या कायद्याने लिहूनच ठेवली. त्यातही ‘कला’ या एका शब्दात चित्र, संगीत, नृत्य, नाट्य सगळे कोंबलेले. एक माणूस मिळाला तर तो बहुधा चित्रकलेचा.

चित्रकलेचा का, हे पाहण्यासारखे आहे, कारण तिथे संगीताला शिकण्याजोगे बरेच आहे. महाराष्ट्रात एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा पिढ्यान्‌पिढ्या चालू आहेत. त्या शासनाचे कला संचालनालय घेते, शाळा त्यांना मुले बसवते आणि शाळेतला चित्रकला शिक्षक त्यांची तयारी करून घेतो. हा शिक्षक घडवण्यासाठी कला शिक्षक पदविका आहे. म्हणजे परीक्षा, शिक्षक, पदविका आणि संचालनालय अशी साखळी उभी आहे. अलीकडच्या संचमान्यतेच्या, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळावेत हे ठरवण्याच्या, निकषांनी तिचेही दुवे खिळखिळे झाले, तरी साखळी आहे.

संगीताची परंपरा याहून हलकी नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, ते गाणे राजदरबार आणि घराण्यांच्या उंबऱ्याबाहेर काढून सामान्य घरातल्या मुलामुलींपर्यंत नेण्यासाठीच. पुण्यात भास्करबुवा बखल्यांनी १९११ साली भारत गायन समाजाची स्थापना केली. १९३१ साली पलुस्करांच्या निधनानंतर त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभारले आणि प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात परीक्षांची पायरीपायरीची वाट घालून दिली. पुढे अलंकार आहेच. अभ्यासक्रम आहे, परीक्षक आहेत, गावोगाव केंद्रे आहेत. फक्त ही सारी वाट शाळेच्या फाटकाबाहेरून जाते. मुले ती खासगी क्लासमध्ये चालतात, ज्यांना फी परवडते ती.

दहावीच्या वाढीव गुणांनी तर ही फूट पक्की केली. शास्त्रीय गायन, वादन, नृत्यातल्या ठरावीक परीक्षा उत्तीर्ण असलेल्यांना दहावीला सवलतीचे गुण मिळतात. हेतू चांगला. परिणाम असा की, गुण शाळेच्या प्रगतिपुस्तकावर पडतात आणि शिक्षण शाळेबाहेर विकत घ्यावे लागते. निगडी-प्राधिकरणातल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मुलीला क्लास आहे, पेटी आहे, गुण आहेत. तळवड्याच्या भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलीचा गळा तितकाच चांगला असला तरी तिला गुण नाहीत. शाळेत संगीत शिक्षक असता तर ही दरी मिटली असती असे नाही, पण निदान तिच्यावर एक पूल असता.

आता त्या शिक्षकाच्या चाकरीचा प्रश्न. सात परीक्षा देऊन विशारद झालेल्या तरुणाला शाळेत नोकरी हवी असेल तर त्याने काय करायचे? अनुदानित शाळेच्या दारात टीईटी ही पात्रता परीक्षा आहे, अभियोग्यता चाचणी आहे, शिक्षकभरतीचे पवित्र पोर्टल आहे. या चाचण्यांत बालमानसशास्त्र आहे, गणित आहे, बुद्धिमत्तेची कोडी आहेत. सूर ओळखता येतो का, पंचेचाळीस मुलांना एका लयीत आणता येते का, हे कुठेही विचारलेले नाही. त्या पार केल्या तरी मागणी संगीताची नसतेच. मग तो तासिका तत्त्वावर कुठेतरी लागतो. नियमित शिक्षकाला बारा वर्षांनी वरिष्ठ श्रेणी आणि चोवीस वर्षांनी निवड श्रेणी अशी वाट आहे. तासिकेवरच्या माणसाला बारा वर्षांनीही तासिकाच. मे महिन्यात शाळा बंद, म्हणून मानधन बंद. रोज पाच-सहा तास मुलांच्या गोंगाटावर आवाज चढवून गायल्याने घसा बसला तर रजा नाही, उपचाराचा खर्च नाही. ज्या गळ्यावर पोट आहे तोच गळा या कामात आधी झिजतो.

यावर कोणी म्हणेल, संगीत शिक्षकाचे पूर्णवेळ पद ही चैन आहे, कोणत्याच शासनाला परवडणार नाही. या आक्षेपाचे उत्तर देहूपासून काही किलोमीटरवर आहे. देहूरोडला लष्करी वसाहतीमुळे केंद्रीय विद्यालय आले. केंद्रीय विद्यालय संघटनेच्या पदरचनेत प्राथमिक संगीत शिक्षक हे स्वतंत्र पद आहे. त्याला संगीताची पदवी लागते आणि सातव्या वेतन आयोगानुसार मूळ वेतन ३५,४०० रुपयांपासून सुरू होते, वर्गावर शिकवणाऱ्या प्राथमिक शिक्षकाइतकेच. म्हणजे देशाच्या शासनाने हे पद परवडवले आहे. देहूरोडच्या जवानाच्या मुलासाठी जे आवश्यक ठरते ते देहूगावच्या शेतकऱ्याच्या किंवा चाकणच्या कंत्राटी कामगाराच्या मुलासाठी चैन कसे होते, याचे उत्तर पैशात सापडणार नाही.

ते आपल्या एका समजुतीत सापडते. गाणे ‘अंगात असावे लागते’, ‘रक्तात असते’, ‘देहूच्या पोराला काय शिकवायचे’, ही ती समजूत. ती प्रेमाने बोलली जाते आणि शिक्षकाच्या पोटावर पाय देते. तिची परीक्षा केली पाहिजे, आणि ती भजनाचा मान राखूनच केली पाहिजे.

कारण भजनाची रांग ही फार उत्तम शाळा आहे. लहान पोर टाळ घेऊन रांगेच्या टोकाला उभे राहते. पहिल्या दिवशी त्याचा टाळ चुकतो, पावली चुकते. कोणी त्याला बाहेर काढत नाही, कोणी गुण देत नाही. दोन्ही बाजूंची लय त्याला सावरून घेते आणि महिन्या-दोन महिन्यांत ते सावरले जाते. लहान-मोठे एकत्र, चुकण्याची मुभा, पाठांतराचा आनंद, रोजचा सराव: शिक्षणशास्त्राची जाड पुस्तके जे सांगतात ते इथे न सांगता घडते. ज्यांना पुढे जायचे त्यांच्यासाठी आळंदीला विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली काढलेली वारकरी शिक्षण संस्था आहे. घरातल्या शिक्षणाचेही दाखले आहेत. २००९ साली दूरचित्रवाणीवरच्या गायनस्पर्धेत महाराष्ट्राने डोक्यावर घेतलेली आळंदीची कार्तिकी गायकवाड वडिलांकडे, कल्याणजी गायकवाडांकडे, शिकली होती. तेव्हा शाळेवाचून गाणे अडते असा दावा कोणी करू नये. गाणे अडत नाही.

अडतात ती माणसे, ज्यांना या रांगेत जागा नाही किंवा अर्धीच आहे. पहिल्या मुली. महिला भजनी मंडळे आहेत, स्त्री कीर्तनकारही आहेत, पण दहा वर्षांच्या मुलीच्या मांडीवर पखवाज देणारी घरे अजून मोजकीच. टाळ आणि तुळशीपर्यंत तिचा प्रवास सोपा, मृदंगापर्यंतचा अवघड. शाळेत वाद्य कपाटातून निघाले की ते पटावरच्या नंबराने सगळ्यांच्या हाती जाते, हीच शाळेची ताकद. दुसरी, बाहेरून आलेली मुले. देहू, तळवडे, चिखली, मोशी, चाकण या भागांतल्या वर्गांत आज मराठवाड्यातली, विदर्भातली, बिहारची, उत्तर प्रदेशची, कर्नाटकची मुले शेजारी शेजारी बसतात. वडील कंपनीत, आई पॅकिंगला. त्यांच्या घरी टाळ नाही, पण गाणे आहे, दुसऱ्या भाषेतले. ते गाणे वर्गात ऐकून घेणारे कोणी असेल, तर ते मूल वर्गाचे होते. तिसरी, आवाज फुटलेली मुले. सातवी-आठवीत मुलग्याचा गळा घोगरा होतो, हुकमी सूर लागत नाही. नेमके तेव्हा त्याला ‘तू मागे उभा राहा, तोंड नुसते हलव’ असे सांगितले जाते आणि ते ऐकून पुढे जन्मभर न गाणारे पुरुष आपल्या घराघरांत आहेत. जन्मजात सूर न कळणारी माणसे फार थोडी; बाकीच्यांना आपण बेसूर केलेले असते. जाणता शिक्षक अशा मुलाला वर्षभर खालची पट्टी देतो, ठेका धरायला लावतो, गळा स्थिरावेपर्यंत गाण्यात धरून ठेवतो. चौथी, ज्यांना ऐकायला शिकायचे आहे अशी सारी मुले. भजन गायला शिकवते. पण हा राग त्या चालीत कसा आला, शाहिराचा डफ आणि कीर्तनाचा पखवाज यांत काय वेगळे, भीमसेन जोशींनी अभंग मैफलीत नेला तेव्हा त्याचे काय झाले, हे विचारायला शिकवणे रांगेचे काम नाही. ते वर्गाचे आहे.

देऊळ ज्यांना आपोआप कवेत घेते त्यांच्यापलीकडे पोहोचणे, हे शाळेतल्या संगीत शिक्षकाचे काम आहे. म्हणून देवळातल्या गाण्यामुळे त्याची गरज संपत नाही. उलट त्याला जवळच एक मोठे कोठार मिळते.

हे कोठार वापरायचे कसे, याचा सर्वांत चांगला नमुना हंगेरीचा आहे. झोल्तान कोदाय हे तिथले थोर संगीतकार. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी बेला बार्तोकबरोबर खेडोपाडी फिरून लोकगीते गोळा केली आणि पुढे आग्रह धरला की, मुलाचे संगीतशिक्षण त्याच्या मातृभाषेतल्या गाण्यांपासून, वाद्यावाचून, नुसत्या गळ्याने सुरू व्हावे. १९५० साली त्यांच्या जन्मगावी, केच्केमेतला, रोज गाणारी प्राथमिक शाळा उघडली आणि तिच्यावरून देशभर शाळा उभ्या राहिल्या. त्यांचे एक मत प्रसिद्ध आहे: राजधानीतल्या ऑपेराच्या संचालकापेक्षा लहान गावातला गाण्याचा शिक्षक महत्त्वाचा, कारण संचालक वाईट निघाला तर त्याची हकालपट्टी होते, पण वाईट शिक्षक तीस वर्षे पिढ्यांच्या मनातली गाण्याची ओढ मारत राहतो.

आपल्याकडे अशी गोळा केलेली सामग्री नाही असेही नाही. गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी पुणे जिल्ह्यापासून सुरुवात करून महाराष्ट्रभरच्या बायांच्या तोंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत अभंग गाणारे पुरुष जे बोलले नाहीत ते बायका बोलल्या आहेत. ओवी, पोवाडा, भारूड, भीमगीत, धनगरी ओवी, अभंगाच्या चाली, आणि वर्गातल्या परप्रांतीय मुलांच्या आयांची गाणी यांतून पाचवी ते आठवीचा अभ्यासक्रम सहज उभा राहतो. आज मात्र पहिल्या तासाला ‘सा रे ग म’ आणि चार अलंकार, दुसऱ्या तासाला तेच, आणि तिसऱ्या तासापासून सिनेमाचे देशभक्तिगीत, असा आपला खाक्या आहे.

इथे एक रास्त शंका येते. देहूत अभंगाधारे संगीत शिकवायचे म्हणजे शाळेत धर्म शिकवणे नव्हे काय? राज्यघटनेचे २८ वे कलम सांगते की, संपूर्णपणे शासकीय निधीवर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही आणि अनुदानित शाळेतही पालकाच्या संमतीवाचून कोणाला त्यात ओढता येणार नाही. ही सीमा संगीत शिक्षकाने मनापासून पाळली पाहिजे. अभंगाची चाल, त्याची लय, त्याचा छंद शिकवणे वेगळे आणि टिळा लावून नामस्मरण करवणे वेगळे. ख्रिस्ती, मुस्लिम, बौद्ध घरातले मूल ज्या सहजतेने पोवाडा शिकेल त्याच सहजतेने त्याला अभंगाची चाल शिकता आली पाहिजे, आणि वारकरी घरातल्या मुलाला कव्वालीचा ठेका. तसे होत नसेल तर दोष शिकवण्यात आहे.

दुसरी शंका कारखान्याच्या पट्ट्याची. इथल्या आईबापांना मुलाचे इंग्रजी हवे, संगणक हवा, आयटीआयला किंवा डिप्लोमाला प्रवेश हवा. त्यांना संगीताचे काय? यावर संगीताचे वकील घाईघाईने एक पुरावा काढतात: संगीताने बुद्धी वाढते, गणित सुधारते. माझी विनंती आहे की हा युक्तिवाद सोडावा. १९९३ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या ज्या छोट्या प्रयोगावरून ‘मोझार्ट ऐकल्याने हुशारी वाढते’ ही हवा उठली, तो महाविद्यालयीन तरुणांवर झाला होता, आणि आकार-अवकाशाच्या कोड्यांत दिसलेला त्याचा परिणाम दहा-पंधरा मिनिटांत विरला होता. आणि संगीत गणितासाठी शिकवायचे असेल, तर शहाणा मुख्याध्यापक म्हणेल की त्यापेक्षा गणिताचाच जादा तास घेतो. तो बरोबर असेल. संगीत शिकवायचे ते संगीतासाठी. माणूस बोलतो, मोजतो, चित्र काढतो, तसाच गातो. आठ वर्षांच्या सक्तीच्या शिक्षणात यातली एक क्षमता वापरलीच नाही, तर ते शिक्षण अपुरे आहे. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कलाशिक्षणाला स्वतंत्र अभ्यासक्षेत्र मानले ते याच अर्थाने. कंपनीत बारा तासांची पाळी करणाऱ्या बापाला हे पटत नाही असे समजणे हा त्या बापाचा अपमान आहे. तोच आषाढात रजा टाकून वारीला जातो.

आता थोडे शिक्षकांविषयी, कारण सगळा दोष व्यवस्थेवर टाकून हा लेख संपवणे सोयीचे होईल, खरे होणार नाही. आपल्या संगीत शिक्षकाला मनातून शिक्षक व्हायचे नसते. त्याला मैफल हवी असते. ती मिळाली नाही म्हणून तो शाळेत आलेला असतो आणि हे अपयश त्याच्या बोलण्यात, मुलांवर खेकसण्यात उतरते. पेटी त्याच्या गळ्याला सोयीची म्हणून काळी एकला धरली जाते, मुलांचा सहज सूर बराच वर असला तरी. स्पर्धेतली ढाल ही त्याच्या कामाची एकमेव पावती असल्याने तो पाच गोड गळ्यांच्या मागे लागतो आणि पूर्ण वर्ग सोडून देतो. ज्या व्यवस्थेने त्याला कार्यक्रमांचा ठेकेदार केले, तिच्याशी त्याने हळूहळू समेट केलेला असतो. कारण कार्यक्रमात टाळ्या आहेत आणि वर्गात नाहीत.

तरुण विशारदांनी म्हणून एक निवड उघड्या डोळ्यांनी करावी. मैफलीचा ध्यास असेल तर शाळेत येऊ नये. क्लास, साथसंगत, ध्वनिमुद्रण, कार्यक्रम हे रस्ते प्रामाणिक आहेत. शाळेत यायचे तर शाळेत गाणे शिकवणे ही वेगळी आणि अवघड विद्या आहे, हे मानून यावे. एका शिष्याला समोर बसवून तालीम देणे आणि पंचेचाळीस मुलांचा सूर एकाच वेळी कानावर घेऊन तिसऱ्या बाकावरचा कोण वर गेला हे ओळखणे, ही दोन निरनिराळी कौशल्ये आहेत. या दुसऱ्या कौशल्याचे प्रशिक्षण देणारी, चित्रकलेच्या पदविकेसारखी राज्यभर रुळलेली पदविका संगीताला लाभली नाही. ती मागणे हे संगीत शिक्षकांच्या कोणत्याही आंदोलनाचे पहिले कलम असायला हवे, पगारवाढीच्याही आधी. ज्या कामाला वेगळे प्रशिक्षण लागते त्यालाच वेगळे पद मिळते, हा सरकारी कारभाराचा नियम आहे.

मग करायचे काय? देहूपुरते बोलू, कारण सुरुवात इथून होऊ शकते. जिल्हा परिषदेच्या शाळा केंद्रांत विभागलेल्या आहेतच. एका केंद्राला एक पूर्णवेळ संगीत शिक्षक द्यावा, त्याने ठरलेल्या दिवशी ठरलेल्या शाळेत जावे. नियुक्ती, वेतनश्रेणी, रजा, बारा-चोवीस वर्षांच्या श्रेणी इतर शिक्षकांसारख्याच. पाचवी ते आठवीला आठवड्याला दोन तास, आणि ते दुसऱ्या विषयाला देता येणार नाहीत असा लेखी नियम. भजनी मंडळांतल्या जाणत्यांना वर्षातून काही तास सन्मानाने, मानधन देऊन बोलवावे. पण शिक्षकाच्या जागी नव्हे, शिक्षकाच्या सोबत. फुकट मिळतात म्हणून त्यांनाच वर्ग सोपवला की आपण पुन्हा त्याच जुन्या हिशेबावर येतो.

पेटी, टाळ, डफ, पखवाज आणि एक आवाज कोंडणारी खोली यांचा खर्च या पट्ट्यातल्या कंपन्या सहज उचलू शकतील. २०१३ च्या कंपनी कायद्याने पात्र कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायला सांगितले आहे आणि चाकणमध्ये अशा कंपन्यांची वाण नाही. पगार मात्र शासनाचाच हवा, कारण देणगीवर पद चालत नाही. पिंपरी-चिंचवड महापालिकेने निगडीत संगीत अकादमी चालवली आहे, चिखलीत तुकोबांच्या नावाने संतपीठ उभारून शाळेच्या अभ्यासाबरोबर गायन-वादन शिकवायला घेतले आहे. या संस्थांनी शहरातल्या आणि शेजारच्या देहूतल्या शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे केंद्र व्हावे. एका चांगल्या संस्थेत काही शे मुले शिकतील. तिथे तयार झालेले पन्नास शिक्षक हजारोंना शिकवतील.

आणि मोजमाप बदलावे. ढाली किती आल्या हे न विचारता, आठवी सोडताना प्रत्येक मुलाला काय येते हे विचारावे: दिलेला ‘सा’ गळ्यात धरता येतो का, ठेका न चुकवता हात चालतो का, निरनिराळ्या प्रकारची दहा गाणी पाठ आहेत का, नवे गाणे ऐकून त्याविषयी दोन वाक्ये बोलता येतात का. प्रत्येक मुलाची अशी नोंद संगीत शिक्षकांनी स्वतःहून ठेवायला लागावे, शासन सांगेल तेव्हा सांगो. अशी वही मुख्याध्यापकाच्या टेबलावर ठेवली की ‘पाचवी ब मोकळी आहे’ हे वाक्य उच्चारणे जड जाते, कारण मग तो तास मोडून काय बुडते ते कागदावर दिसते.

राज्यात हे कुठे जमेल तर देहूत जमेल. इथल्या पालकाला गाण्याचे महत्त्व पटवावे लागत नाही, शाळेच्या भिंतीपलीकडे सामग्री तयार आहे, शिकवू शकणारी माणसे आहेत, कारखान्यांचा पैसा शेजारी आहे. एवढे असून इथली शाळा संगीताला अर्धवेळ निदेशकावर भागवत असेल, तर इतर गावांनी कलाशिक्षणाची धोरणे वाचायचे कष्ट घेऊ नयेत. गाव गाते, म्हणून शाळेला शिक्षक नको, हा हिशेब आपण फार दिवस चालवला. गाव गाते, म्हणून इथल्या प्रत्येक मुलाचा गाण्यावर हक्क आहे, आणि हक्क पुरवायला पूर्णवेळ माणूस लागतो.